बेकरीच्या पुढे

आमच्या गावातला रस्ता बेकरीपाशी संपतो, असं नगरपालिकेचं ठाम मत होतं. तीन नंबरची बस बेकरीला वळसा घालून मागं फिरायची. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकणारा ट्रकही तिथूनच परतायचा. कचऱ्याची गाडी, पोस्टमन, दिवे बदलणारा माणूस, सगळ्यांना बेकरीच्या पुढे चढ दिसला की एकदम धाप लागायची. त्या चढावर आमचा मोहल्ला आहे, रोमा लोकांची वस्ती, ज्यांना बाकीचे बल्गेरियन जिप्सी म्हणतात. तिथवर न दमता येणारे दोघंच, मतं मागणारे आणि पोलीस.

मी सेव्दा. याच मोहल्ल्यात जन्मले आणि आता नगरपालिकेत मध्यस्थ म्हणून नोकरी करते. मोहल्ल्याचं गाऱ्हाणं पालिकेला सांगायचं, पालिकेचं म्हणणं मोहल्ल्याला समजवायचं आणि दोन्हीकडची बोलणी खायची, असं हे काम आहे. पालिकेत मला म्हणतात, "तुमच्या लोकांना जरा सांगा हो." मोहल्ल्यात म्हणतात, "तुझ्या पालिकेला जरा सांग गं." मी नेमकी कुणाची, हे अजून कुणी ठरवलेलं नाही, पण सांगायचं मात्र सगळ्यांना मीच.

तर ही गोष्ट बसची. आणि नेवेनाची.

नेवेना सात वर्षांची. बाप रायको वीटभट्टीवर कामाला, आई जर्मनीत म्हाताऱ्यांची सेवा करायला गेलेली, आणि घरात पेम्बा आजी. मोहल्ल्यात एक शाळा आहे. तिथं फक्त आमचीच मुलं जातात, आणि आमचीच जातात म्हणून तिथं कुणी मनापासून शिकवत नाही. नेवेनाला मात्र वाचायचं वेड. औषधाच्या बाटलीपासून बेकरीच्या पाटीपर्यंत दिसेल ते मोठ्यानं वाचायची. मी रायकोच्या मागं लागले, मुख्याध्यापकांच्या मागं लागले आणि पोरीला गावातल्या मोठ्या शाळेत घातलं. सप्टेंबरात शाळेचा पहिला दिवस होता. पेम्बा आजीनं तांब्याच्या कळशीत लाल दोरा बांधलेलं फूल टाकलं आणि नेवेना उंबऱ्याबाहेर पडताच तिच्या पायांपुढं कळशीभर पाणी ओतलं. आमच्याकडे महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसापुढं असं पाणी ओततात, म्हणजे त्याचं काम पाण्यासारखं सुरळीत वाहत जातं. रोमा, तुर्क, बल्गेरियन, सगळेच ओततात. फक्त आजीनं जरा जास्त प्रेमानं ओतलं, त्यामुळं नेवेना पहिल्या दिवशी ओल्या मोज्यांनी शाळेत गेली.

पुढं मात्र पाऊस सुरू झाला आणि चढावर चिखल झाला. निवडणुकीच्या तोंडावर टाकलेलं डांबर पहिल्याच पावसात मधेमधे वाहून गेलं होतं. रायको पहाटे अंधारात पोरीला घेऊन खाली बेकरीपर्यंत चालायचा. बेकरीत ती चिखलाचे बूट काढून ठेवायची, दप्तरातले स्वच्छ बूट घालायची आणि मग बस पकडायची. वर्गात कुणी "चिखलातली" म्हणू नये म्हणून ही युक्ती तिनं स्वतःच काढली होती. तिला बसमध्ये बसवून रायको तसाच उलटा पळत वीटभट्टी गाठायचा आणि रोज उशीर झाला म्हणून मुकादमाचं ऐकायचा.

डिसेंबरात चढावर बर्फ गोठला. नेवेना घसरून पडली आणि तिचा हात मुरगळला. त्या संध्याकाळी रायको माझ्या दारात आला.

"सेव्दाताई, दुसरं सत्र फेब्रुवारीत सुरू होतंय," तो म्हणाला. "तोवर बस वर आली तर ठीक. नाहीतर पोरगी इथल्याच शाळेत जाईल. माझी नोकरी गेली तर खायचं काय? पुस्तकं?"

"आणीन बस," मी म्हटलं.

"तू दोन वर्षं हेच म्हणतेयस."

खरंच म्हणत होते. पण या वेळी मी पालिकेत इतकी बसून राहिले की शिपाई मला फर्निचर समजून पुसायला लागला. शेवटी उपनगराध्यक्ष वेलेवाबाई वैतागून म्हणाल्या, "बरं बाई, एक चाचणी घेऊ. रिकामी बस वर नेऊन बघू. चढली आणि वर वळली, तर सत्राच्या पहिल्या दिवसापासून सुरू. नाही चढली, तर हा विषय माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही."

मी मोहल्ल्यात घरोघर फिरले. जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी सकाळी आठ वाजता साहेबलोक येणार, गल्ली मोकळी पाहिजे. गाड्या, घोडे, वाळत घातलेले गालिचे, सगळं आत घ्या. लोकांनी इतकं ऐकलं की माझाच विश्वास बसेना. कुणी रस्त्यावरचे खड्डे विटांच्या तुकड्यांनी बुजवले, कुणी कुंपण मागं सरकवलं. जो तो विचारायचा, "सेव्दे, अजून काय करू?" मी म्हणायचे, "बस, आता शुभ चिंता." हे मी उगाच म्हटलं, असं मला नंतर वाटलं.

बुधवारी आठ वाजता मी बेकरीपाशी उभी होते. थंडी अशी की नाक आहे की नाही ते हात लावून बघावं लागत होतं. साडेआठ वाजले, नऊ वाजले. पावणेदहाला बस आली. आत वेलेवाबाई, रस्ते खात्याचे इंजिनिअर कालचेव आणि ड्रायव्हर मिन्को. साहेबांच्या हातात अजून कॉफीचे कागदी पेले होते.

"जरा उशीर झाला," वेलेवाबाई म्हणाल्या.

"छे छे," मी म्हटलं. मनात काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

कालचेव जांभया देत होते. "झोप नाही हो," ते मला म्हणाले. "मी राहतो बोरोवा टेकडीवर. रोज पहाटे पाच वाजता तो मिठाचा ट्रक खिडकीखाली येतो. घर्रर्र घर्रर्र! तीनदा अर्ज केला, जरा उशिरा पाठवा म्हणून. कोण ऐकतंय?"

"फारच त्रास," मी म्हटलं. बोरोवा टेकडीवर गावातल्या बड्या लोकांचे बंगले आहेत. तिथली हवा चांगली आहे म्हणतात.

बस निघाली. मिन्कोनं गिअर टाकला आणि आम्ही बेकरीच्या पुढं गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी तो रस्ता बसच्या खिडकीतून बघत होते. दोन्ही बाजूंना माणसं उभी, झाडून सगळी, ठेवणीतले कपडे घालून. पोरं हात हलवत होती. मीही हलवायला लागले. पहिलं वळण झालं. दुसऱ्या वळणाला मात्र इंजिन ओरडायला लागलं, चाकं जागच्या जागी गरगरली, आणि बस हळूच मागं यायला लागली. घसरली, रस्त्यात आडवी झाली आणि शेवटी कुणाच्या तरी जळाऊ लाकडांच्या ढिगाला पाठ टेकवून उभी राहिली.

कालचेवांची कॉफी त्यांच्या कोटावर.

"बघितलंत?" ते म्हणाले. "मी आधीच सांगितलं होतं. हा चढ बसच्या लायकीचा नाही."

मी खाली उतरले आणि उतरल्या उतरल्या बसकण मारली. रस्ता म्हणजे आरसा झाला होता. काल संध्याकाळी तर कोरडा ठणठणीत होता, मी स्वतः चालून बघितला होता. हात टेकून उठायला गेले तर बोटांखाली बर्फात काहीतरी लाल दिसलं. दोरा होता. दोऱ्याला बांधलेलं फूल होतं. थोडं पुढं आणखी एक लाल दोरा, पलीकडे आणखी एक. चढाच्या टोकापर्यंत घराघरापुढं गोठलेलं पाणी आणि त्यात फुलं. मला रडू यावं की हसू, कळेना.

कालचेव दाराची दांडी धरून खाली डोकावले. "हे पाणी कुठून आलं? नळ फुटलाय का?"

मग त्यांची नजर एका फुलावरून दुसऱ्या फुलावर गेली.

"मुद्दाम ओतलंय! वेलेवाबाई, हा सरळसरळ घातपात आहे!"

तेव्हा गर्दीतून पेम्बा आजी पुढं आली. छातीशी कळशी घट्ट धरलेली. "घातपात कसला रे बाबा?" ती म्हणाली. "शुभ व्हावं म्हणून ओतलं. एवढी मोठी बस पहिल्यांदा दारात येतेय, तिच्यापुढं काय कोरडा रस्ता ठेवायचा?"

"तुम्ही एकट्यांनी एवढं?"

"मी एकच कळशी ओतली," आजी म्हणाली.

"आमच्याकडून पण एक," पलीकडून एक बाई म्हणाली.

"आमच्या घरून दोन बादल्या," एक गडी अभिमानानं म्हणाला. "बस मोठी आहे म्हटलं."

म्हणजे प्रत्येक घरानं गुपचूप, शेजाऱ्याला न सांगता, आपापलं शुभ रस्त्यावर ओतलं होतं.

"आणि आठ वाजता ओतलं हो," आजी पुढं म्हणाली. "तुम्ही आठला येणार होतात ना? वेळेवर आला असतात, तर ते पाणीच राहिलं असतं. तुम्ही आला दहाला. थंडी काय तुमची वाट बघत थांबणार?"

वेलेवाबाईंनी हातातल्या कॉफीच्या पेल्याकडे बघितलं. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं, संपलं सगळं, बाई रागानं थरथरतायत. पण त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"मी विद्यापीठाच्या परीक्षेला निघाले ना, तेव्हा माझ्या आईनं अख्खी बादली ओतली होती," त्या म्हणाल्या. "सबंध पेपर मी ओल्या बुटात लिहिला. कालचेव, तुमच्या लग्नाला नव्हतं का ओतलं कुणी?"

"सासूनं," कालचेव पुटपुटले. "माझ्या पँटवर."

त्यावर मोहल्ला असा हसला की कुत्री भुंकायला लागली.

पेम्बा आजी मात्र हसत नव्हती. तिनं कळशी माझ्या हातात दिली, घरात गेली आणि चुलीतल्या राखेची बादली घेऊन बाहेर आली. बसच्या चाकांपुढं तिनं राख भुरभुरवायला सुरुवात केली. मग काय, घराघरातून राख निघाली. लाकडावर पेटणाऱ्या चुलींना राखेची काय कमी? बघता बघता पांढरा रस्ता करडा झाला. रायकोनं बसच्या मागं खांदा लावला, त्याच्या शेजारी आणखी माणसं लागली. मिन्को खिडकीतून ओरडला, "एकदम नका रे! मी सांगतो तेव्हा!" वेलेवाबाई राखेतून चालत निघाल्या आणि पेम्बा आजीनं त्यांचा दंड असा धरला, जणू काही बाईच सात वर्षांच्या होत्या.

बस चढली. वर पाणवठ्यापाशी मिन्कोनं चाक फिरवलं आणि एका दमात बस वळवली. टाळ्या, शिट्ट्या, कुठून तरी क्लॅरिनेट सुद्धा. चीज भरून भाजलेल्या गरम बनित्साची ताटं बाहेर आली. कालचेवांनी आधी "नको नको" केलं आणि मग तीन तुकडे खाल्ले.

वेलेवाबाईंनी कपडे झटकले. "चढली, वळली," त्या म्हणाल्या. "मी शब्द दिला होता. फक्त बर्फाचा प्रश्न राहिला. पण आज बघितलं ना, किती छान झालं! तुम्ही सगळ्यांनी रोज सकाळी अशीच राख टाका, म्हणजे बस सोमवारपासून, सत्राच्या पहिल्या दिवसापासून, सुरू."

लोकांनी जल्लोष केला. रायकोनं माझा हात दाबला. नेवेनाला आजीनं खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यात सोडून दिला.

आणि माझं डोकं फिरलं. मला माहीत होतं की आता गप्प बसावं. बस मिळाली होती. पण डोळ्यांसमोर पुढचं सगळं दिसायला लागलं. पहिला आठवडा सगळे राख टाकतील. मग एके दिवशी कुणाकडे मयत असेल, कुणी आजारी असेल, राख कमी पडेल, बस घसरेल. आणि पालिकेत म्हणतील, बघा, बस दिली तर यांना रस्तासुद्धा सांभाळता येत नाही. मग पुन्हा बेकरी.

"वेलेवाबाई," मी म्हटलं, "राख आम्ही आज टाकली. पाहुणे अडकले होते म्हणून. रोज टाकणार नाही."

क्लॅरिनेट मधेच थांबलं.

"सेव्दाताई, काय करतेयस?" रायको दात आवळून म्हणाला. "माझी पोरगी आहे! हो म्हण आणि मोकळी हो!"

"तुझ्या पोरीसाठीच बोलतेय," मी म्हटलं. "तुझ्या पोरीचं शिक्षण पेम्बा आजीच्या राखेवर ठेवू? आजी कधी आजारी पडायचीच नाही?" मग मी वळले. "कालचेव साहेब, बोरोवा टेकडीवर बस जाते ना?"

"जाते."

"तिथं पहाटे राख कोण टाकतं? तुम्ही टाकता की तुमच्या सासूबाई?"

कालचेवांना बनित्साचा ठसका लागला.

"तिथं ट्रक येतो," मी म्हटलं. "पाच वाजता. घर्रर्र घर्रर्र. तुमची झोप मोडते. आमचंही तेवढंच म्हणणं आहे साहेब. आमचीही झोप मोडू दे की!"

कुणी हसलं नाही. मला वाटलं, घालवली मी बस. दोन वर्षांची मेहनत आणि त्या पोरीची शाळा, सगळं माझ्या जिभेनं घालवलं. रायको माझ्याकडे बघतही नव्हता.

वेलेवाबाई कालचेवांकडे वळल्या. "हा चढ तुमच्या टेकडीपेक्षा जास्त आहे का हो?"

कालचेवांनी खाली बेकरीपर्यंत बघितलं. माणूस वाईट नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं. खोटं बोलणं त्यांना सोपं होतं. "नाही," ते म्हणाले. "कमी आहे. थोडा नाही, चांगलाच कमी."

"मग ट्रक बेकरीपाशी का वळतो?"

"पहिल्यापासून तिथंच वळतो."

"कुणी ठरवलं?"

"कुणी नाही," कालचेव म्हणाले. "मी नोकरीला लागलो तेव्हापासून तसंच आहे. मी कधी विचारलंच नाही."

वेलेवाबाईंनी आपले राखेनं भरलेले बूट आपटले. मग म्हणाल्या, "आता विचारलंय. बसच्या आधी ट्रक येईल. तोही सोमवारपासून." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही फार भांडता हो, सेव्दाबाई."

"पगार त्याचाच आहे," मी म्हटलं. मग मी पाणवठ्याच्या कठड्यावर जाऊन बसले. रायको आला आणि शेजारी बसला. थोड्या वेळानं त्यानं बनित्साचा एक तुकडा माझ्यापुढं धरला.

सोमवारी पहाटे पाच वाजता ट्रक आला. त्याचा आवाज वर्णन करण्यासारखा नाही. कोंबड्या उडाल्या, लेकरं रडली, घोडे खिंकाळले, आणि झाडून सगळा मोहल्ला खिडक्यांतून ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकत होते. इतकं गोड मी कधी काही ऐकलं नव्हतं.

सातला बस आली. पेम्बा आजी कळशी घेऊन बाहेर पडली, तशी अर्धी गल्ली ओरडली, "आजी, पाणी नको!"

"कळतं मला," आजी म्हणाली. तिनं अंगणातच, उंबऱ्याच्या आत, नेवेनाच्या पायांपुढं घोटभर पाणी ओतलं आणि वरून स्वतःच मूठभर राख टाकली. नेवेना त्यावर पाय देऊन बाहेर आली. तिच्या दप्तरात आज दुसरे बूट नव्हते. जे पायात होते तेच, लखलखीत. बसमध्ये चढता चढता तिनं पुढची पाटी मोठ्यानं वाचली, "तीन नंबर, वरचा मोहल्ला!" रायकोनं खालूनच हात केला आणि भट्टीकडे चालायला लागला. पळत नव्हता, चालत होता.

आजीही बसमध्ये चढली. मला वाटलं, पोरीला सोडायला. पोरीला तिनं शाळेपाशी सोडलंच, पण नऊ वाजता मी पालिकेत पोचले तर आजी रस्ते खात्याच्या बाकावर ठाण मांडून बसलेली. त्या इमारतीत ती याआधी कधी आली नव्हती.

"आजी, तू इथं काय करतेस?"

"तक्रार करायला आलेय," ती म्हणाली. "तुमचा तो ट्रक. पहाटे पाच वाजता काय येतो? माणसानं झोपायचं की नाही?"

तेवढ्यात दार उघडून कालचेव बाहेर आले. डोळे लाल, हातात कॉफी.

"तुमच्याकडे पण पाचलाच?" त्यांनी विचारलं.

"पाचलाच रे बाबा!"

"मी तीनदा अर्ज केला," कालचेव म्हणाले आणि बाकावर आजीच्या शेजारी बसले. "कोण ऐकतंय?"

मग दोघंही जांभई देत माझ्याकडे बघायला लागले.